म्हैसूरची दुसरी फेरी



आपल्या घरातला माणूस गाव सोडून बाहेर कशासाठी जातो, याची एकदा यादी करून पाहा. लग्न, मयत, कोर्टाची तारीख, दवाखाना, बी-बियाण्यांची खरेदी आणि देवदर्शन. यादी इथेच संपते. "अमुक शहर मला आवडले होते, म्हणून पुन्हा एकदा जाऊन येतो," असे सांगून कोणी घराबाहेर पडल्याचे तुम्ही ऐकले आहे काय? आणि तेही एकट्याने? असे कोणी म्हणालेच, तर सारी आळी त्याच्याकडे संशयाने बघेल. घरात भांडण झाले असेल, नाहीतर डोक्यावर परिणाम झाला असेल, असाच निष्कर्ष निघेल.

गंमत अशी की, पुन्हा जाण्याचे महत्त्व आपल्याला ठाऊक नाही असे मुळीच नाही. पंढरीच्या वारकऱ्याला "गेल्या वर्षी तर गेला होतास, आता पुन्हा कशाला?" असे कोणी विचारत नाही. दरवर्षी तीच वाट, तीच चंद्रभागा, तोच विठोबा. तरी वारकरी दरवर्षी काहीतरी नवे घेऊन परततो. मग देवाच्या गावाला लागू असलेला हा नियम माणसांच्या गावाला का नसावा?

हे सारे सांगण्याचे कारण म्हणजे माझी म्हैसूरची दुसरी फेरी. ही हकिगत तुमच्या घरात मोठ्याने वाचली जावी आणि तिच्यावर थोडा वाद व्हावा, अशी माझी इच्छा आहे.

बेचाळीस माणसे, दीड दिवस

पहिल्यांदा मी म्हैसूरला गेलो तो २००३ सालच्या जानेवारीत. गावातली बेचाळीस माणसे, एक बस, बरोबर आचारी आणि शिधा. बारा दिवसांत दक्षिणेतली देवस्थाने करायची होती. सौभाग्यवती बरोबर होती, दोन्ही मुले होती, तिचे आईवडीलही होते. म्हैसूरच्या वाट्याला दीड दिवस आला. त्यात राजवाडा, चामुंडीचा डोंगर, प्राणिसंग्रहालय आणि वृंदावन बागेतली नाचती कारंजी एवढे आटोपायचे. बस थांबली की उतरा, माणसे मोजा, पाहा, पुन्हा माणसे मोजा, चढा. माझा अर्धा वेळ मोजणीतच गेला. सासरेबुवा दोनदा चुकले आणि दोन्ही वेळा एकाच चहाच्या टपरीवर सापडले.

तरीही ते शहर आम्हा दोघांना मनापासून आवडले. रुंद रस्ते, दुतर्फा झाडे, कुणाला फारशी घाई नाही. जगनमोहन राजवाड्यातल्या चित्रशाळेत हातात दिवा घेतलेल्या एका स्त्रीचे चित्र आहे. त्या चित्रासमोर सौ. उभी राहिली आणि तेवढ्यात मागून हाक आली, "चला, चला, बस सुटली!" बसमध्ये बसल्यावर ती मला म्हणाली, "पुन्हा एकदा निवांत येऊ. मला ती दिवेवाली डोळे भरून बघायचीय."

मी हो म्हणालो. त्यानंतर वीस वर्षे गेली. आधी मुलांची शिक्षणे आली. मग विहिरीवर कर्ज झाले. २०१२-१३ च्या दुष्काळात जनावरे जगवायची होती. नंतर मुलीचे लग्न ठरले. २०२० साली तर सगळ्यांनाच दाराआड बसावे लागले. दरवर्षी कारण खरेच होते, खोटे एकही नव्हते. आणि हे सारे उरकले तेव्हा सौ.चे दोन्ही गुडघे झिजले होते. जिना चढायचा नाही, फार वेळ उभे राहायचे नाही, लांबचा प्रवास टाळायचा, असे डॉक्टरांनी सांगितले.

२०२३ च्या जानेवारीत एके दिवशी तीच म्हणाली, "अहो, तुम्ही तरी जाऊन या. माझ्यासाठी बघून या. आणि आल्यावर 'छान होतं' एवढंच सांगू नका. सगळं सांगायचं."

निघण्याआधीची चर्चा

आमच्या सोलापूर भागातून म्हैसूरला थेट रेल्वे जाते. चार दिवसांची रजा टाकली. घरची शेती धाकट्या भावाकडे असते. ज्वारी हुरड्यात आली होती, राखणीपलीकडे रानात फारसे काम नव्हते. तरीसुद्धा चर्चा झालीच. "एकटेच? तिकडे काही काम निघालं का?" असे एकाने विचारले. दुसऱ्याने कुणाचा तरी अपघात झाला असावा असा अंदाज बांधला. आमच्या चुलत्यांनी सरळ विचारले, "पैसे जास्त झालेत का?"

पैशाचा प्रश्न रास्त आहे, म्हणून हिशेबही सांगून टाकतो. रेल्वेचे जाण्यायेण्याचे भाडे, साधी खोली, दोन वेळचे जेवण, सिटी बस आणि तिकिटे धरून सहा हजारांच्या आत खर्च आला. त्या वर्षी सोयाबीनला क्विंटलला पाच हजारांच्या आसपास भाव होता. म्हणजे सव्वा क्विंटल सोयाबीन. आपल्याकडच्या एका बारशाच्या जेवणावळीत याहून जास्त खर्च होतो, आणि त्याबद्दल कुणी प्रश्न विचारत नाही.

पहाटेचा बाजार

पहिल्या फेरीत आम्ही बाजार पाहिलाच नव्हता, कारण तो यादीत नव्हता. या वेळी पहाटे सहाला देवराज मार्केटमध्ये जाऊन उभा राहिलो. शंभराहून अधिक वर्षांचा हा जुना बाजार राजवाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. त्याच्या बाजूने जाणाऱ्या मोठ्या रस्त्याचे नाव सयाजीराव रोड. हे सयाजीराव म्हणजे आपले बडोद्याचे गायकवाड. परमुलखात ओळखीचे नाव दिसले की पावलाला जरा जोर येतो.

आत शिरलो तर जाईजुईच्या जातीचा तो मोगऱ्यासारखा वास! म्हैसूर मल्लिगे हे इथले नावाजलेले फूल. त्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. इथे गजरा वजनावर विकत नाहीत, हातावर मोजतात. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतच्या मापाला कानडीत मोळ म्हणतात. फूलवालीचा हात आखूड असला तर गिऱ्हाईक आपला हात पुढे करते आणि दोघी हसतात. वजनकाटा नाही म्हणून फसवणूक होते असे मला दिसले नाही. रोजचे गिऱ्हाईक हाच तिथला काटा.

पुढे खाऊच्या पानांची ओळ लागली. म्हैसूरचे पानही मानांकन मिळालेले आहे. आपल्या मिरज भागातल्या पानमळेवाल्यांनी हे पान हातात घेऊन पाहावे. मऊ, पातळ आणि तोंडात लगेच विरघळणारे. पाने नीट एकावर एक रचून त्यांची कवळी बांधण्याची पद्धत मात्र अगदी आपल्यासारखी.

केळीच्या दुकानापाशी माझ्यातला शेतीखात्याचा माणूस जागा झाला. नंजनगूड हे म्हैसूरजवळचे गाव. तिथली रसबाळे ही केळी चवीला प्रसिद्ध, तीही मानांकनाची. पण बाजारात शोधावी लागते, कारण मर रोगाने तिच्या बागा खूप कमी झाल्या. हा रोग बुरशीचा असतो. बुरशी जमिनीत वर्षानुवर्षे टिकते. रोगट बागेतले मुनवे दुसऱ्या रानात लावले, की रोगही त्यांच्याबरोबर पाहुणा म्हणून जातो. केळीवाल्या म्हाताऱ्या अण्णांनी तुटक्या हिंदीत सांगितले, "पूर्वी गाड्या भरून यायची, आता टोपलीत येते." तुमच्यापैकी जे केळी लावतात त्यांनी हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवावे. रोपे खात्रीच्या ठिकाणची, ऊतिसंवर्धित घ्या. शेजाऱ्याच्या बागेतले मुनवे फुकट मिळाले तरी आधी त्या बागेची तब्येत पाहा.

भाषेची भीती अनेकांना वाटते. मला कानडी येत नाही. पण अण्णा आणि अक्का हे शब्द आपण त्यांच्याचसारखे वापरतो, आणि तुपाला ते तुप्पा म्हणतात. एवढ्या भांडवलावर माझे चार दिवस निभावले. बेचाळीस माणसांत होतो तेव्हा एकाही म्हैसूरकराशी बोललो नव्हतो. एकटा होतो म्हणून लोक आपणहून बोलले. एकट्या माणसाला बघून टपरीवाला बाकावर जागा करून देतो. बसभर माणसे आली की तो फक्त कपबशा मोजतो.

दिवेवाली

दुपारी जगनमोहन राजवाड्यात गेलो. घरून सांगितलेले मुख्य काम हेच होते.

वाचकहो, हे चित्र पुष्कळांच्या घरात कॅलेंडरवर किंवा काचेच्या चौकटीत असते. अनेकजण ते राजा रविवर्म्याचे समजतात. पहिल्या फेरीत आमच्या वाटाड्यानेही तसेच सांगितले होते. पण ते आहे आपल्या कोकणातल्या माणसाचे. सावळाराम लक्ष्मण हळदणकर हे चित्रकार १८८२ साली सावंतवाडीला जन्मले आणि मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. चित्रातली स्त्री म्हणजे त्यांचीच मुलगी. बापाने मुलीला उभे केले आणि हे चित्र काढले. तेही तैलरंगात नव्हे, जलरंगात. जलरंगात चुकीचा फटकारा पुसून टाकता येत नाही.

अंधारलेल्या दालनात मी त्या चित्रापुढे अर्धा तास उभा होतो. कुणी हाक मारणारे नव्हते. एका हातात समई, दुसरा हात ज्योतीच्या आड. बोटांतून उजेड लालसर पाझरतो आणि चेहऱ्यावर पडतो. पाहता पाहता असे वाटू लागते की खोलीत खरोखरच दिवा आहे.

रात्री फोनवर सगळे सांगितले. सौ.ने शांतपणे ऐकून घेतले आणि मग विचारले, "वारा असणार तिथं. नाही का?"

मी म्हणालो, "वारा? चित्रात वारा कसा दिसेल?"

"अहो, हात आड धरलाय म्हणताय ना. वारा नसता तर कशाला धरला असता? आम्ही गोठ्यात दिवा नेताना असाच हात धरायचो. तळवा गरम व्हायचा, पण दिवा विझू द्यायचा नाही. आत गाय अडलेली असायची."

अर्धा तास चित्रासमोर उभा होतो तो मी, आणि चित्र पाहिले ते साडेचारशे-पाचशे मैलांवर बाजेवर बसलेल्या तिने! दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तिकीट काढून तिथे गेलो. या वेळी मला वारा दिसला. एकटा होतो म्हणूनच हे जमले. ताफ्याबरोबर असतो तर "एकदा पाहिलेलं पुन्हा काय बघायचं?" म्हणून उडवून लावले असते.

कारंजांच्या मागचे धरण

पहिल्या फेरीत कृष्णराजसागराला पोचलो तेव्हा रात्र झाली होती. रंगीत कारंजी पाहिली, भेळ खाल्ली, निघालो. शेतकऱ्यांच्या बेचाळीस माणसांनी धरण पाहिलेच नाही! या वेळी सकाळच्या बसने गेलो. शहरापासून हे अंतर साधारण वीस किलोमीटर आहे.

कावेरीवरचे हे धरण १९११ साली सुरू झाले आणि १९३० नंतरच्या एक-दोन वर्षांत पुरे झाले. लांबी अडीच किलोमीटरहून अधिक, उंची सुमारे १३० फूट, साठा साधारण ४९ टी.एम.सी. म्हैसूर संस्थानाचे मुख्य अभियंता सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी ते उभे करायला घेतले. बांधकाम दगडाचे आणि सुरखीच्या चुन्याचे.

आता आपला संबंध ऐका. विश्वेश्वरय्या शिकले पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आणि त्यांची नोकरीची पहिली वर्षे गेली आपल्याच मुलखात. पुण्याजवळच्या खडकवासल्याला १९०३ साली त्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेले की दरवाजे आपोआप उघडायचे, पातळी उतरली की मिटायचे. तीच विद्या पुढे कृष्णराजसागरावर गेली. नीरा कालव्यावर पाणीवाटपाची ब्लॉक पद्धतही त्यांनीच सुचवली. सगळ्यांनीच ऊस लावायचा नाही, उसाला ठरावीक क्षेत्र द्यायचे, उरलेल्या क्षेत्रात हंगामी पिके घ्यायची आणि तेच पाणी जास्त गावांना पुरवायचे, असा तिचा आशय. हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचे शहाणपण आहे. आज आपल्या कालव्याच्या शेपटीला असलेल्या शेतकऱ्याला पाणी का पोचत नाही, याचा विचार करताना ते आठवावे.

धरणाच्या खाली उतरून मंड्याच्या बाजूला बसने थोडा पुढे गेलो. दोन्ही बाजूंना भात आणि ऊस. कालव्याच्या कडेला बसून एका शेतकऱ्याने मला उसाचे कांडे सोलून दिले. त्याने विचारले, कुठले? मी म्हणालो, सोलापूर. "पाणी?" त्याने पुढचा प्रश्न विचारला. मी नकारार्थी हात हलवला. तोही हसला, म्हणाला, "इकडे आहे, पण भांडण पण आहे." धरण पाहणाऱ्याने हे दुसरे वाक्यही ऐकले पाहिजे.

शामशास्त्रींची पोथी

म्हैसूरला प्राच्यविद्या संशोधनालय आहे. १९०५ साली तिथले ग्रंथपाल पंडित आर. शामशास्त्री यांच्या हाती ताडपत्रांची एक पोथी आली. ती निघाली कौटिल्याचे अर्थशास्त्र. हा ग्रंथ हरवला असेच तोवर जग समजत होते. १९०९ साली त्यांनी तो छापून प्रसिद्ध केला.

हा ग्रंथ राजकारणाचा म्हणून आपण ऐकलेला असतो. पण त्यात सीताध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्याचे एक प्रकरण आहे. सीता म्हणजे नांगराची तास. सीताध्यक्ष म्हणजे शेतीचा अधिकारी, थोडक्यात माझ्यासारख्यांचा मूळ पुरुष! कोणत्या प्रदेशात किती पाऊस पडतो याचे माप त्यात दिले आहे, आणि अपरांतात, म्हणजे आपल्या कोकणपट्टीत, पावसाला मोजमापच नाही अशी नोंद आहे. धान्याचे बी पेरण्यापूर्वी काही दिवस रात्री दवात आणि दिवसा उन्हात ठेवायला सांगितले आहे. उसाच्या कांडीची कापलेली टोके मध, तूप, डुकराची चरबी आणि शेण यांनी लिंपून मग लावावीत असेही आहे. आम्ही आज बेणेप्रक्रिया करा म्हणून घसा कोरडा करतो, तेव्हा काहीजण "हे नवीन फॅड" म्हणतात. त्यांनी हे लक्षात घ्यावे. औषधे बदलली, बेण्याच्या जखमेतून रोग शिरतो, ती जखम बुजवावी, हा विचार दोन हजार वर्षांच्या आसपासचा आहे.

इमारत बाहेरूनच पाहिली, पण फाटकापाशी जरा थांबलो आणि मनातल्या मनात रामराम केला.

आपल्या घरातले म्हैसूर

फिरता फिरता माझ्या लक्षात आले, की म्हैसूरला न गेलेल्या माणसाच्या घरातही म्हैसूर असते. मतदानाच्या दिवशी तुमच्या बोटाला जी शाई लावतात ती इथल्या सरकारी रंगाच्या कारखान्यात तयार होते. १९६२ च्या निवडणुकीपासून ती वापरात आहे. तुमच्या खिशातल्या कित्येक नोटा इथल्याच छापखान्यातून निघतात.

आणि म्हशीवाल्यांसाठी एक खास गोष्ट. महिषासुरावरून या गावाचे नाव पडले असे सांगतात, म्हणजे गाव म्हशीच्या नावाचे. याच गावात १९५० साली केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था सुरू झाली. म्हशीच्या दुधापासून तान्ह्या मुलाला पचेल अशी भुकटी होणार नाही, असे तेव्हा जाणकार म्हणत. इथल्या शास्त्रज्ञांनी ती १९५० च्या दशकात करून दाखवली आणि पुढे अमूलने ती बाजारात आणली. आपल्या गोठ्यातल्या दुधाची किंमत वाढवणाऱ्या कामांपैकी हे एक मोठे काम. तुमच्या गावातल्या बचतगटाला किंवा दूध संस्थेला ही संस्था पाहायची असेल, तर आधी पत्र लिहून परवानगी घ्यावी.

हजार पायऱ्या

शेवटच्या दिवशी पहाटे चामुंडीचा डोंगर पायी चढलो. पायऱ्या हजाराच्या आसपास. पहिल्या फेरीत बस थेट वर गेली होती. निम्म्याहून बराच वर गेल्यावर एकाच दगडात कोरलेला भला मोठा नंदी लागतो. तो १६५९ सालचा, दोड्ड देवराज वडियार यांच्या काळातला. त्याच्या गळ्यातल्या घंटा, माळा, पाठीची वळी अशी कोरली आहेत, की घडवणाऱ्याच्या घरी बैल असलाच पाहिजे.

माझ्या पुढे एक वयस्क जोडपे चढत होते. बाई प्रत्येक पायरीला हळदकुंकू लावत होती आणि नवरा पुडी धरून उभा राहत होता. नवसाची अशी पद्धत तिथे आहे. वाकणे, लावणे, उठणे, पुन्हा एक पायरी. असे हजार वेळा. मी वाट काढून पुढे जाऊ शकलो असतो, पण गेलो नाही. त्यांच्या मागे मागेच चढलो. त्या बाईच्या गुडघ्यांकडे बघत होतो आणि मनात घरचे गुडघे होते.

बंधूंनो, भगिनींनो, मला जे मुख्य सांगायचे आहे ते हेच. आपण शेतकरी माणसे बैलाच्या वयाचा हिशेब ठेवतो. मोटारीचे आयुष्य ठाऊक असते. गाय किती वेत देईल हे सांगतो. पण स्वतःच्या अंगाचा हिशेब ठेवत नाही. सगळे उरकले की मग बघू, असे म्हणतो. कर्ज फिटते, मुले मार्गी लागतात, दुष्काळही सरतो. गुडघे, डोळे आणि दम मात्र तोवर थांबून राहत नाहीत. दोघांनी मिळून करायची गोष्ट वेळेत झाली तर सोन्याहून पिवळे. पण एकाचे पाय थकले म्हणून दुसऱ्यानेही घरात बसावे, हा काही धर्म नव्हे. ज्याचे पाय चालतात त्याने जावे, आणि जो घरी आहे त्याच्यासाठी नीट पाहून यावे.

जाणाऱ्यांसाठी थोडे

कुणाला असे जावेसे वाटले, तर माझ्या अनुभवाच्या काही सूचना. एकच गाव निवडा, आणि ते एकदा पाहिलेले असावे. पहिल्या फेरीत रस्त्यांची आणि गावाच्या स्वभावाची तोंडओळख झालेली असते, म्हणून एकट्याने बिचकायला होत नाही. रात्री-अपरात्री उतरावे लागणार नाही अशी गाडी धरा. खोली बाजाराच्या आसपास, चालत फिरता येईल अशी घ्या. पैसे दोन ठिकाणी ठेवा. रोजच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी पिशवीत असू द्या. उतरण्याच्या ठिकाणाचा पत्ता घरी लिहून द्या आणि रोज ठरलेल्या वेळी फोन करा. दिवसाला दोनच ठिकाणे ठरवा, उरलेला वेळ मोकळा ठेवा. तालुक्यातल्या एखाद्या जाणत्याकडून त्या गावाची माहिती आधी वाचून घ्या. माहिती असली की दगडही बोलतो.

पीकपाण्याची वेळ पाहून निघा. दुभती जनावरे असतील तर धार काढायला माणूस आधी ठरवा. आणि येताना भाराभर खरेदी करू नका. मी चंदनाचा साबण, थोडे कुंकू आणि केळीची एक फणी एवढेच आणले. मोगरा गाडीत सुकला, पण वास होता.

ही गोष्ट बायकांनाही तितकीच लागू आहे. एरवी घरातल्या बाईने एकटे जायचे ते फक्त माहेरी. आमच्याकडचे पुढचे सांगतो. मी परत आलो, त्यानंतर चार रात्री सौ.ने माझ्याकडून म्हैसूर ऐकले. मग म्हणाली, "आता माझं गाव." लहानपणी ती दोन वर्षे मावशीकडे कोल्हापूरला शाळेत होती. रंकाळ्याच्या काठी बसून खाल्लेल्या शेंगा ती अजून सांगते. २०२३ च्या मार्चपासून आपल्या एस.टी.त महिलांना निम्मे भाडे झाले. त्याच वर्षी दिवाळीनंतर, खिडकीची जागा धरून, वाटेत एक मुक्काम करून ती एकटी कोल्हापूरला गेली. मावसबहिणीकडे उतरली, पण दिवसभर आपल्या मनाने हळूहळू फिरली. शाळेच्या फाटकापाशी गेली, रंकाळ्यावर संध्याकाळ होईपर्यंत बसली. रोज रात्री तिचा फोन यायचा आणि मी ऐकायचो. ती मला तळ्यावरचा वारा कुठल्या बाजूचा आहे तेही सांगायची.

तेव्हा मंडळी, हे वाचून झाले की घरात एकमेकांना एवढे विचारा: "तुला कोणतं गाव पुन्हा बघायचंय?" उत्तर ऐकल्यावर कुणी हसू नका. सुगी झाली की एक तारीख ठरवा, आणि ज्याचे गाव असेल त्याला एस.टी.पर्यंत सोडायला सगळ्यांनी जा.